पुणे ते नागपूर: सहाशे किलोमीटर आणि सव्वा तास

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. याच दोन शहरांमधला रस्ता सातशे किलोमीटरच्या पुढे जातो आणि दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणारा लोहमार्ग जवळपास ८९० किलोमीटरचा होतो. विमानाच्या वेळापत्रकात या प्रवासाला साधारण सव्वा ते दीड तास दाखवलेला असतो. जेट विमान पुरेशा उंचीवर पोहोचले की ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास वेग धरते. त्या हिशेबाने हे अंतर पाऊण तासात संपायला हवे. वरचा अर्धा तास खर्च होतो तो बहुतेक प्रवासाच्या दोन टोकांना, आणि कमी अंतराच्या हवाई प्रवासाचे सगळे गणित या दोन टोकांवरच अवलंबून असते.

आधी अंतर. ते शहरापासून शहरापर्यंत मोजत नाहीत. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवून दिलेला असतो. तो सहसा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृत नोंदींत प्रसिद्ध केलेले असतात. लोहगावचा बिंदू साधारण १८.५८ अंश उत्तर आणि ७३.९२ अंश पूर्व असा आहे, सोनेगावचा २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व. या दोन बिंदूंमधला, पृथ्वीच्या गोलाव्यावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे हवाई अंतर. गोलावरच्या अशा मार्गाला बृहद्वर्तुळाचा कंस म्हणतात.

हे गणित संगणकाशिवायही जमते, कारण वैमानिकांचे अंतराचे एकक पृथ्वीच्या मापातूनच आलेले आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग, म्हणजे एक कला, जमिनीवर एक सागरी मैल भरतो. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पुणे आणि नागपूर यांच्या अक्षांशांत २.५१ अंशांचा फरक आहे, म्हणजे नागपूर पुण्याच्या उत्तरेला सुमारे १५१ सागरी मैल आहे. रेखांशांतला फरक ५.१३ अंशांचा, म्हणजे ३०८ कलांचा आहे. पण रेखावृत्ते विषुववृत्तापासून ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. या दोन शहरांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे विसाव्या अंशाच्या थोडे अलीकडे, रेखांशाची एक कला पूर्ण सागरी मैलाची नसते, ०.९४ मैलाची असते. म्हणून पूर्वेकडचे अंतर ३०८ ऐवजी सुमारे २८९ मैल येते. आता १५१ आणि २८९ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या. पायथागोरसच्या नियमाने कर्ण येतो ३२६ सागरी मैल, म्हणजेच ६०४ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे धरून नेमके गणित केले, तरी एका किलोमीटरच्या आसपासच फरक पडतो. शाळेतल्या भूमितीने एवढे अचूक उत्तर मिळते ते अंतर कमी आहे म्हणून. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या पल्ल्याला ही रीत साफ चुकते, तिथे गोलावरचे त्रिकोणमितीय सूत्रच लागते.

पुण्याहून निघालेली ही रेषा ईशान्येपेक्षा जरा पूर्वेकडे कललेली आहे, उत्तर दिशेपासून सुमारे ६२ अंशांवर. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर ती अहिल्यानगरच्या थोडी दक्षिणेकडून जाते, पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरी ओलांडते, लोणारच्या दक्षिणेकडून वाशीमजवळ पोहोचते आणि वर्ध्याच्या उत्तरेकडून नागपुरात शिरते. लोणारचे विवर या रेषेपासून दहा-बारा किलोमीटरवरच आहे. विमानाने जवळजवळ हीच रेषा धरली आणि आकाश निरभ्र असले, तर नागपूरला जाताना डावीकडच्या खिडकीतून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळ आणि त्यातले पाणी शोधता येते. इतक्या उंचीवरून त्याची गोलाई जितकी स्पष्ट दिसते, तितकी काठावर उभे राहून दिसत नाही.

नागपूरच्या बाबतीत हवाई अंतरांना एक जुना इतिहास आहे आणि तो थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटर. देशाच्या चार कोपऱ्यांतली चार महानगरे, आणि चारही हजार किलोमीटरच्या आत. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली ती या भूगोलाच्या जोरावर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत पोहोचे. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात किंवा मद्रासमध्ये वाटपाला निघे. सुरुवातीची विमाने डाकोटा होती. त्यांचा उड्डाणाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई ते नागपूर अडीच तास आणि कलकत्ता ते नागपूर साडेतीन तास. चारही बाजूंची अंतरे सारखी नसल्यामुळे निघण्याच्या वेळा मागेपुढे ठेवाव्या लागत. गाठ मात्र एकाच सुमारास पडायला हवी. भारतीय टपाल खात्याच्या इतिहासात इतकी नेटकी योजना दुसरी क्वचितच सापडेल. ही सेवा दोन दशकांहून अधिक काळ चालली.

आजच्या विमानाला मात्र नकाशावरची सरळ रेषा पूर्णपणे धरता येत नाही. पहिले कारण धावपट्टीची दिशा. लोहगावची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे आणि तिची दोन टोके १० आणि २८ या क्रमांकांनी ओळखली जातात. हे क्रमांक म्हणजे चुंबकीय दिशेचे अंश, शेवटचे शून्य गाळून लिहिलेले: एका बाजूला १०० अंश, दुसऱ्या बाजूला २८०. विमान नेहमी शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन चढते आणि उतरते. वारा पूर्वेचा असेल तर पुण्याहून नागपूरकडे तोंड करूनच उड्डाण होते. वारा पश्चिमेचा असेल, आणि पावसाळ्यात तो बहुधा तसाच असतो, तर विमान आधी मुंबईच्या दिशेने झेपावते आणि मग वळून मार्गाला लागते. सोनेगावची मुख्य धावपट्टी १४ आणि ३२ या क्रमांकांची, म्हणजे आग्नेय-वायव्य आहे. पुण्याकडून येणारे विमान या धावपट्टीला जवळजवळ काटकोनात येऊन भिडते, त्यामुळे कोणत्याही टोकाने उतरायचे झाले तरी वळण घेऊन रांगेत यावेच लागते. अशा वळणांत दहा-वीस मैल सहज वाढतात.

दुसरे कारण हवाई हद्द. लोहगाव हा मुळात भारतीय वायुसेनेचा तळ आहे. तिथली धावपट्टी लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने मिळून वापरतात आणि सरावाच्या वेळी प्रवासी विमानांना थांबावे लागते किंवा ठरलेल्या वाटेने फिरून जावे लागते. आकाशातले मार्ग ठरावीक बिंदूंवरून आखलेले असतात, आणि गर्दी नसेल तेव्हा नियंत्रक वैमानिकाला मधले बिंदू गाळून थेट जाण्याची परवानगी देतात. पावसाळ्यापूर्वी मराठवाडा-विदर्भावर दुपारनंतर जे गडगडाटी ढग उभे राहतात त्यांना मोठा वळसा घालावा लागतो, कारण त्यांचे माथे विमानाच्या उंचीच्याही वर गेलेले असतात. या सगळ्यामुळे ३२६ मैलांच्या या प्रवासात प्रत्यक्ष कापलेले अंतर साधारण साडेतीनशे मैलांच्या आसपास भरते.

आता वेळ. वेळापत्रकातली वेळ ही आकाशातली वेळ नसते. विमान उभे असते तेव्हा त्याच्या चाकांना अडसर लावलेले असतात. ते काढून विमान हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर विमान जागेवर उभे राहून पुन्हा अडसर लागले की थांबते. या कालावधीला विमान वाहतुकीत ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते ती याच हिशेबाने. चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ त्याहून बराच कमी असतो.

पुणे-नागपूर प्रवासाची फोड अशी करता येते. ए-३२० जातीचे विमान ३३ हजार फुटांवर जाणार आहे असे धरले, तर मागे ढकलून इंजिने सुरू करणे, धावपट्टीपर्यंत जाणे आणि परवानगीची वाट पाहणे यात दहा ते पंधरा मिनिटे जातात. चढायला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात १९०-२०० किलोमीटर कापले जातात. उतरण्यासाठी वैमानिकांचा एक सोपा आडाखा आहे: दर हजार फूट उंचीमागे तीन सागरी मैल. ३३ हजार फुटांवरून नागपूरच्या जमिनीपर्यंत, जी समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून किंचित उंच आहे, ३२ हजार फूट खाली यायचे म्हणजे ९६ मैल. वेग कमी करायला आणखी दहा मैल धरले की तेही जवळपास दोनशे किलोमीटर होतात. म्हणजे ६०५ किलोमीटरपैकी सुमारे चारशे किलोमीटर विमान एकतर चढत असते किंवा उतरत असते. पूर्ण वेगाने समतल उडण्यासाठी उरतात दोनशे किलोमीटर, आणि ते पंधरा मिनिटांत संपतात. प्रवाशांना चहा-पाणी देणाऱ्या कर्मचाऱ्यांची या मार्गावर एवढी धांदल का उडते, याचे कारण या आकड्यांत आहे.

चढता-उतरताना वेगालाही मर्यादा असते. दहा हजार फुटांच्या खाली विमानाने २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, ओलांडू नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. धावपट्टीच्या जवळ येताना हा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास खाली आलेला असतो. उतरण्याला म्हणून वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. त्यात जागेवर पोहोचण्याची पाच मिनिटे मिळवली की एकूण बेरीज सव्वा तासाच्या पुढे सरकते. आकाशातला काळ मात्र तासाभरात आटोपलेला असतो.

यामुळे अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही आणि अंतर निम्मे झाले म्हणून वेळही निम्मा होत नाही. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर, पुणे-नागपूरच्या जेमतेम अर्धे. तरी वेळापत्रकात तासाभराची नोंद असते. पुणे ते दिल्ली सुमारे ११५५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट, पण वेळ दोन तास दहा मिनिटांच्या आसपास. अडसर ते अडसर असा सरासरी वेग काढला तर कोल्हापूर-मुंबई ताशी ३१० किलोमीटर, पुणे-नागपूर ताशी साडेचारशे आणि पुणे-दिल्ली ताशी सव्वापाचशेच्या वर येतो. विमानतळांमधले अंतर एका ठरावीक वेगाने भागून वेळ सांगणारी सोपी गणकयंत्रे जवळच्या मार्गांवर नेहमी कमी वेळ दाखवतात ती म्हणूनच. अशा यंत्राने काढलेल्या वेळेत किमान अर्धा तास मिळवल्याशिवाय ती वापरू नये.

छोट्या विमानतळांना जोडणाऱ्या एटीआर-७२ विमानाचा विचार केला तर हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. पंख्याच्या या विमानाचा कमाल वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या थोडा वर असतो, जेटच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. ते १७ ते २० हजार फुटांवर उडते, त्यामुळे चढण्या-उतरण्यात कमी वेळ घालवते. पुणे-नागपूर अंतराला ते जेटपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे जास्त घेईल, पण कोल्हापूर-मुंबईसारख्या अंतरावर हा फरक दहा-बारा मिनिटांवर येतो आणि इंधन बरेच वाचते. सत्तर-पंचाहत्तर आसनांचे हे विमान आखूड धावपट्टीवरही उतरू शकते. लहान शहरांची विमानसेवा टिकते ती अशा विमानांमुळे.

जाण्याची आणि येण्याची वेळ सारखी नसते, याचे कारण वरचा वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोतवारे वाहतात. त्यांचा गाभा उत्तरेला असला, तरी त्यांचा जोर विदर्भापर्यंत जाणवतो. त्या दिवसांत नागपूरला जाणाऱ्या विमानाला मागून रेटा मिळतो आणि परत येणाऱ्याला तोंडावर वारा झेलावा लागतो. मोसमी पावसाच्या महिन्यांत वरच्या थरातले वारे उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि परतीचा प्रवास लवकर होतो. जमिनीलगत मात्र तेव्हा नैऋत्येचे वारे असतात, त्यामुळे एकाच प्रवासात विमानाला खाली एका दिशेचा आणि वर दुसऱ्या दिशेचा वारा भेटतो. मुंबई-लंडनसारख्या प्रवासात वाऱ्याने तासाभराचा फरक पडतो; इथे तो पाच-दहा मिनिटांचा. उंचीही दिशेनुसार बदलते. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना ३१, ३३, ३५ हजार फूट अशी विषम उंची मिळते, पश्चिमेकडे येणाऱ्यांना ३२, ३४, ३६ हजार अशी सम. समोरासमोर येणाऱ्या विमानांमध्ये त्यामुळे किमान हजार फुटांचे अंतर राहते.

नागपूरचा उन्हाळा हा आणखी एक घटक. मे महिन्यात तिथले तापमान ४५ अंशांच्या वर जाते. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. विमानाला धावपट्टीवर जास्त लांब धावावे लागते. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर लांब आहे, म्हणून तिथे अडचण कमी येते. लोहगावची धावपट्टी सुमारे २५३५ मीटर आहे आणि जमीन समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच. तिथून भरलेले विमान दूर न्यायचे असेल तर वजनाचा हिशेब काटेकोर करावा लागतो.

तासाभराच्या उड्डाणासाठी तासाभराचेच इंधन भरत नाहीत. प्रवासाचे इंधन, अनपेक्षित खर्चासाठी थोडे वरचे, ठरलेल्या विमानतळावर उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे, आणि त्यानंतरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके राखीव इंधन सोबत असावे लागते. पुण्याला येणाऱ्या विमानासाठी १२४ किलोमीटरवरची मुंबई हा जवळचा पर्याय. नागपूरला तितक्या जवळ मोठा विमानतळ नाही. रायपूर तिथून २८० किलोमीटरवर आहे, हैदराबाद आणखी लांब. त्यामुळे नागपूरला जाताना पर्यायी विमानतळासाठीचे इंधन जास्त धरावे लागते.

अंतर आणि वेळ या आकड्यांवर प्रवाशाचे हक्क आणि भाडेही ठरते. ऐन वेळी विमान रद्द झाले आणि कारण कंपनीच्या हातातले असेल, तर भरपाई ब्लॉक टाइमनुसार मिळते, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम सांगतात. तासापर्यंतच्या उड्डाणाला पाच हजार रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला साडेसात हजार आणि त्यापुढे दहा हजार. किंवा मूळ एकेरी भाडे आणि इंधन अधिभार, यांतले जे कमी असेल ते. पुणे-नागपूर मधल्या गटात येते. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर विमानसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा भाड्याच्या मर्यादा उड्डाणाच्या कालावधीवर ठरवल्या होत्या आणि ६० ते ९० मिनिटांच्या गटाला तीन ते नऊ हजार रुपयांची चौकट होती. डिसेंबर २०२५ मध्ये अनेक उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा सरकारने अंतराचा निकष लावला: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, ५०० ते १००० किलोमीटरला बारा हजार. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या सरकारी ‘उडान’ योजनेतही सुरुवातीला सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये हाच आधार धरला होता. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतली पहिली विमाने उडाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. वेळेवर भाडे ठरवायचे की अंतरावर, यांत अंतराचा निकष प्रवाशाला जास्त न्याय्य आहे. वेळ कंपनीच्या वेळापत्रकाने लांबवता येते, अंतर येत नाही.

वेळापत्रकात वेळ लांबवलेली असते हे खरेच आहे आणि त्यात गैर काही नाही, निदान एका मर्यादेपर्यंत. १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवर धरला जातो. गर्दीच्या विमानतळांवर रांगेत जाणारा वेळ सरासरीने धरून कंपन्या ब्लॉक टाइम ठरवतात. म्हणून सकाळी रिकाम्या आकाशात निघालेले विमान नागपूरला दहा मिनिटे आधी पोहोचलेले दिसते.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब केला की विमानाची आघाडी कमी होते, पण संपत नाही. देशांतर्गत प्रवासात सामान स्वीकारण्याची खिडकी बहुधा सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, म्हणून दीड-दोन तास आधी विमानतळावर पोहोचणे भाग पडते. पुण्याच्या वाहतुकीतून लोहगावला जायला तासभर धरावा. नागपुरात विमानतळापासून सीताबर्डीपर्यंत मेट्रोही आहे, त्यामुळे तिकडचे टोक सोपे आहे. सामान मिळण्यासह सगळे मिळून साडेचार ते पाच तास होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारत रेल्वेगाडी अजनीपर्यंतचा ८८१ किलोमीटरचा लोहमार्ग सुमारे बारा तासांत कापते. रस्त्याने छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाऊन पुढे समृद्धी महामार्ग धरला, तर मोटारीने थांबे धरून दहा-अकरा तास लागतात.